आकाशावर पहारा: टेहळणी चौकीवर नव्याने येणाऱ्यांसाठी

चौकीवर पहिल्यांदा उभे राहणारे बहुतेक स्वयंसेवक एकाच जागी अडकतात. आकाशात काहीतरी दिसतं आणि ते काय असेल याचा विचार करत बसतात. आपलंच विमान असेल का? प्रवासी असेल का? उगाच कळवलं आणि काहीच निघालं नाही तर? एवढ्यात अर्धं मिनिट जातं. ताशी 180 किलोमीटर वेगाचं ड्रोन तेवढ्या वेळात दीड किलोमीटर पुढे गेलेलं असतं, आणि ताशी 900 किलोमीटरचं जेट साडेसात.

म्हणून सगळ्यात आधी हे पक्कं करा: दिसलं ते सांगायचं, ऐकू आलं ते सांगायचं, आणि लगेच सांगायचं. निर्णय घेणारी माणसं दुसरीकडे नकाशासमोर बसलेली असतात. त्यांच्याकडे अनेक चौक्यांचे निरोप येतात. तुमच्या एका निरोपातून चित्र उभं राहत नाही, पण तो वेळेवर आला नाही तर चित्राला भोक पडतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका सवयीसाठी आहेत.

रडार असताना माणूस कशाला?

हा प्रश्न प्रत्येक नवा स्वयंसेवक विचारतो, आणि विचारायलाच हवा. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, पृथ्वी मात्र गोल आहे. जमिनीपासून 10 मीटर उंचीच्या अँटेनाला 50 मीटर उंचीवरून येणारी वस्तू साधारण 40 किलोमीटरच्या आत आली की मगच दिसू शकते. मध्ये टेकडी असेल तर तेव्हाही नाही. खालून, दरीदरीतून येणारं काहीही आधी दिसतं ते तिथे राहणाऱ्या माणसाला.

1940 मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावरची रडार समुद्राकडे तोंड करून होती. शत्रूची विमानं किनारा ओलांडून आत आली की त्यांचा माग ठेवायचं काम ऑब्झर्व्हर कोअरच्या हजाराहून अधिक चौक्यांवर होतं. तिथे दुकानदार, शिक्षक, शेतकरी असे साधे नागरिक पाळ्या करत. 1952 पासून 1959 च्या जानेवारीपर्यंत अमेरिकेतल्या लहान लहान गावांतले लोक छपरांवर आणि मनोऱ्यांवर उभे राहून असाच पहारा देत होते. त्यांच्या डोक्यावरून शत्रूचं, म्हणजे सोव्हिएत संघाचं, एकही बॉम्बर विमान गेलं नाही, तरी पाळ्या भरल्या गेल्या. आणि 2022 मध्ये युक्रेनमध्ये हेच काम फोनवर आलं. आकाशात ड्रोन किंवा क्षेपणास्त्र दिसलं की नागरिक फोन त्या दिशेला धरून एक बटण दाबतात, आणि जागा व दिशा हवाई संरक्षणाच्या लोकांपर्यंत पोचते. साधन बदललं, माणसाचे डोळे-कान तेच राहिले.

पहिली पायरी: जागा

चौकी म्हणजे सगळ्यात उंच जागा, असा समज असतो. उंची उपयोगी आहे, पण त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत: चारही बाजूंचं क्षितिज मोकळं दिसणं आणि शांतता. ज्या गच्चीवर पाण्याचा पंप घरघरतो किंवा खालून वाहता रस्ता जातो, ती गच्ची डोळ्यांसाठी चांगली असली तरी कानांसाठी वाया गेली. वाऱ्याला आडोसा देणारी छातीपर्यंतची भिंत मिळाली तर उत्तम. वारा कानावर आदळत असेल तर लांबचा बारीक आवाज ऐकूच येत नाही.

जागामालकाची आणि स्थानिक नागरी संरक्षण यंत्रणेची परवानगी आधी घ्या. खाली उतरायची वाट अंधारात चालून बघा. पायऱ्या मोजून ठेवा. विजा चमकत असतील तर उंच जागा सोडायची, यात शौर्य दाखवू नका. भोंगा वाजल्यावर तुम्ही कुठे आडोसा घ्यायचा तेही पहिल्याच दिवशी ठरवा.

दुसरी पायरी: क्षितिजाचं वर्तुळ

नवे लोक ही पायरी कंटाळवाणी म्हणून सोडून देतात, आणि माझ्या मते चौकीवरचं सगळ्यात मोलाचं साधन हेच आहे. एक मोठा पुठ्ठा घ्या. त्यावर वर्तुळ काढून 0 पासून 360 अंश आखा. तो चौकीच्या मध्यभागी असा पक्का बसवा की 0 बरोबर उत्तरेला येईल. मग दिवसाउजेडी शांतपणे सगळीकडे बघा आणि क्षितिजावरची प्रत्येक ठळक खूण त्याच्या अंशापाशी लिहा: मोबाइल टॉवर 40 अंश, 2 किलोमीटर, टेकडीचा उतार 115 अंश, 6 किलोमीटर, चिमणी 230 अंश. अंतरं नकाशावरून मोजून घ्या, अंदाजाने लिहू नका.

होकायंत्र वापरताना एक काळजी घ्या. स्लॅबमधल्या सळया, लोखंडी कठडा, खिशातला फोन या सगळ्यांनी सुई भलतीकडे वळते. दोन-तीन जागी उभं राहून वाचन घ्या. ते जुळत नसेल तर होकायंत्रावर विश्वास ठेवू नका, नकाशावरच्या लांबच्या खुणेवरून दिशा लावा. उत्तर गोलार्धात रात्री ध्रुवतारा खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्या आत असतो, त्यावरूनही वर्तुळ तपासता येतं.

हे एकदा झालं की "त्या झाडाच्या जरा डावीकडे" असले निरोप बंद होतात. विमान टॉवरच्या वर दिसलं की तुमच्या तोंडून आपोआप "40 अंश" येतं. शिवाय वस्तू टॉवरच्या पुढून गेली की मागून, हे दिसलं तर ती 2 किलोमीटरच्या आत आहे की पलीकडे, तेही समजतं.

सोबत काय ठेवायचं

दुर्बीण 7×50 किंवा 8×42 ची पुरेशी आहे. त्याहून जास्त मोठं करणारी हातात थरथरते आणि आकाशाचा फारच लहान तुकडा दाखवते. वही आणि पेन्सिल (पेन पावसात आणि थंडीत दगा देतो), लाल उजेडाची बॅटरी, सेकंदापर्यंत जुळवलेलं घड्याळ, संपर्काची दोन वेगळी साधनं, पाणी, आणि हवामानापेक्षा एक थर जास्त कपडे. उभं राहून थंडी चालताना लागते त्यापेक्षा फार जास्त लागते.

तिसरी पायरी: पाहायचं कसं

एका पाळीला दोघं लागतात. एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं आणि निरोप द्यायचा. दर वीस-तीस मिनिटांनी अदलाबदल करा. एकाच माणसाने तासभर आकाशाकडे बघितलं तर डोळे उघडे राहतात, पण बघणं बंद झालेलं असतं.

नजर आकाशावरून सरकन फिरवू नका. डोळा फिरत असताना त्याला बारीक ठिपका दिसत नाही. एका मुठीएवढा तुकडा बघा, सेकंद-दोन सेकंद थांबा, मग पुढचा तुकडा. आधी क्षितिजालगतची पट्टी, मग तिच्यावरची. डोक्यावरचं आकाश शेवटी, कारण धोका डोक्यावर येण्याआधी क्षितिजावर दिसायला हवा.

मोकळ्या निळ्या आकाशात आणखी एक अडचण येते. बघायला काहीच नसलं की डोळा आपोआप जवळच्या अंतरावर स्थिरावतो, काही मीटरवर बघत असल्यासारखा. मग लांबचं विमान समोर असूनही दिसत नाही. म्हणून अधूनमधून लांबच्या टेकडीकडे किंवा ढगाच्या कडेकडे मुद्दाम बघा, नजर लांबवर लागते. सूर्याच्या बाजूला दुर्लक्ष करू नका, हल्ला करणारा वैमानिक तीच बाजू निवडतो. हात लांब करून अंगठ्याने सूर्य झाका आणि भोवतालचं आकाश बघा. दुर्बीण मात्र त्या बाजूला चुकूनही वळवू नका. क्षणभरात दृष्टी जाऊ शकते.

रात्री डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि फोनचा पडदा एकदा बघितला की तो सराव मोडतो. मंद ठिपका बघायचा असेल तर थेट त्याच्याकडे न बघता किंचित बाजूला बघा. डोळ्याच्या मधल्या भागाला अंधारात कमी दिसतं, कडेच्या भागाला जास्त.

रात्रीचा सगळ्यात मोठा फसवा पाहुणा म्हणजे शुक्र. क्षितिजालगत तेजस्वी, स्थिर, आणि टक लावून बघितलं की हललेला वाटणारा. अंधारात एकटाच दिवा टक लावून बघितला तर तो स्थिर असला तरी सरकल्याचा भास होतो, हा सगळ्याच डोळ्यांचा स्वभाव आहे. त्यावर उपाय साधा आहे. एखाद्या खांबाच्या कडेला डोकं टेकवून उभे राहा आणि तो दिवा खांबाच्या धारेला लावा. दोन मिनिटं धार सोडत नसेल तर बहुधा तो ग्रह किंवा तारा आहे. बहुधा म्हणतो, कारण नेमकं तुमच्याच दिशेने येणारं विमानही तेवढा वेळ जागचं हलत नाही. म्हणून त्या दिव्यावरची नजर काढू नका आणि कान उघडे ठेवा.

चौथी पायरी: कान

सरावाच्या माझ्या पहिल्याच पाळीत एक जेट डोक्यावरून गेलं. आवाज पश्चिमेकडून येत होता, म्हणून मी पश्चिमेकडे बघत राहिलो आणि आकाश रिकामं आहे असं लिहायला निघालो. सोबतच्या जाणत्या निरीक्षकांनी काही न बोलता माझी हनुवटी धरून मान पूर्वेला वळवली. विमान तिथे होतं.

आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. 10 किलोमीटर उंचीवरच्या जेटचा आवाज तुमच्यापर्यंत यायला अर्धं मिनिट लागतं आणि तोवर ते सात किलोमीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. वेगवान आणि उंच विमान शोधायचं तर आवाजाच्या पुढे बघायचं. मंद आणि खालून येणाऱ्या ड्रोनच्या बाबतीत हा फरक फार लहान असतो: 1 किलोमीटरवर तीन सेकंद, आणि तेवढ्यात ते जेमतेम 150 मीटर सरकतं. तिथे कानाने दाखवलेली दिशा जवळजवळ बरोबर असते.

ऐकताना तोंड किंचित उघडं ठेवा, बोलणं थांबवा, तळवे कानामागे धरून हळूहळू वळा. दोन्ही कानांत आवाज सारखा झाला की तुम्ही त्याच्या समोर आहात किंवा बरोबर पाठ करून आहात. आणखी अर्धवट वळून तेही ठरवा. आवाजाचं वर्णन तुमच्या रोजच्या शब्दांत करा. शाहेद जातीच्या ड्रोनचा आवाज ऐकलेले लोक तो मोपेडसारखा किंवा गवत कापायच्या यंत्रासारखा होता असं सांगतात, आणि एवढं वर्णन ऐकणाऱ्याला पुरतं. युक्रेनने तर खांबांवर हजारो मायक्रोफोन बसवून हेच ऐकायचं काम यंत्रांकडे दिलं आहे. आवाज इतका उपयोगी असतो.

पाचवी पायरी: उंची आणि अंतर

इथे सगळेच चुकतात, जुनेही. तरी हाताशी काही मापं ठेवली तर चूक आटोक्यात राहते. हात पूर्ण लांब केल्यावर मूठ आकाशात सुमारे 10 अंश झाकते, मधली तीन बोटं 5, करंगळी 1 अंश. वस्तू क्षितिजापासून साडेचार मुठी वर असेल तर ती 45 अंशांवर आहे, आणि तेव्हा तिची उंची आणि तुमच्यापासून तिच्या बरोबर खालच्या जागेपर्यंतचं जमिनीवरचं अंतर सारखंच असतं. एक माहीत असेल तर दुसरं मिळालं.

दुसरं माप चंद्राचं. पूर्ण चंद्र आकाशात अर्धा अंश व्यापतो. नेहमीच्या मध्यम प्रवासी विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे 36 मीटर असतो. ते 4 किलोमीटरवर असेल तर चंद्राएवढं रुंद दिसतं, 10 किलोमीटरवर असेल तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण हे माप आकार माहीत असेल तरच चालतं. जवळचं छोटं ड्रोन आणि लांबचं मोठं विमान डोळ्याला सारखंच दिसू शकतं. अशा वेळी "आकार माहीत नाही" हेच बरोबर उत्तर आहे.

सराव रोज करता येतो. विमानांची जागा दाखवणारं ॲप फोनवर घ्या. वरून विमान गेलं की आधी वहीत उंची, अंतर, दिशा लिहा, मग ॲप उघडून ताडून बघा. उलटा क्रम ठेवला तर काहीच शिकणं होत नाही. महिनाभरात तुमची चूक कुठल्या बाजूला असते ते कळतं. मी उंची कायम कमी धरायचो. ते कळल्यावर ती सुधारता आली. निरोपात मात्र "3,400 मीटर" असले आकडे देऊ नका. खूप कमी, कमी, जास्त, खूप जास्त, असे चार टप्पे पुरतात.

सहावी पायरी: ओळख

पंख, इंजिन, धड, शेपटी, याच क्रमाने बघायची सवय लावा. पंख सरळ की मागे वळलेले की त्रिकोणी, धडाच्या वर की खाली बसवलेले; इंजिनं किती आणि कुठे; धड लांबट की ठेंगणं; शेपटीचा आडवा पंख उभ्याच्या पायाशी की टोकाला. सुरुवातीला एकेक भाग मोजावा लागतो. पुढे ओळखीच्या माणसाची चाल लांबून कळते तसं विमान एका नजरेत कळू लागतं.

त्यासाठी काळ्या सावलीसारखी चित्रं सेकंदाच्या अंशभर दाखवून ओळखायचा सराव दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने केला होता. तुम्ही तो फोनवरच्या चित्रांनी दोघांत करू शकता. 1942 मध्ये अमेरिकी शाळांतल्या मुलांकडून विमानांचे पाच लाख नमुने करून घ्यायची मोहीमही निघाली. नमुने 1:72 प्रमाणाचे होते, म्हणजे 10 मीटरवर धरलेला नमुना 720 मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढा दिसतो. खेळण्यांच्या दुकानातला नमुना याच प्रमाणाचा असेल तर तो काळा रंगवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला टांगा आणि खालून, बाजूने, समोरून बघा.

सातवी पायरी: निरोप

आता मुख्य गोष्ट. निरोपाचा क्रम तुमच्या यंत्रणेने ठरवून दिलेला असेल तोच पाळा. अमेरिकेतले स्वयंसेवक फोन उचलून "एअरक्राफ्ट फ्लॅश" एवढंच म्हणायचे आणि लाइन थेट केंद्राला जोडली जायची. मग ठरलेल्या क्रमाने माहिती: किती, कसली, उंचीचा टप्पा, दिसलं की ऐकू आलं, चौकीचं सांकेतिक नाव, चौकीपासूनची दिशा, अंतर, कुठे निघालंय. क्रम ठरलेला असला की घाबरलेला माणूसही काही विसरत नाही आणि ऐकणाऱ्याला प्रश्न विचारावे लागत नाहीत. नमुना असा:

"विमान संदेश. एक. प्रकार माहीत नाही. उंची कमी. ऐकू आलं, दिसलं नाही. चौकी निळी सात. 310 अंश. अंतर माहीत नाही. पूर्वेकडे जातंय. आवाज मोपेडसारखा. वेळ 21:14."

यात "माहीत नाही" दोनदा आहे आणि "दिसलं नाही" एकदा, तरी हा उत्तम निरोप आहे. शेजारच्या चौकीनेही आवाजाची दिशा दिली की दोन रेषा जिथे छेदतात तिथे वस्तू आहे, हे नकाशावाल्याला कळतं. ज्या दिवशी तुम्ही रिकामी जागा अंदाजाने भरायला लागाल, त्या दिवशी त्या रेषा चुकीच्या जागी छेदतील.

आणि जे दिसलं ते अशक्य वाटलं तरी सांगा. 10 मे 1941 च्या रात्री इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या चॅटन इथल्या चौकीने निरोप दिला की खालून एक मेसरश्मिट 110 जातीचं जर्मन लढाऊ विमान गेलं. वरच्या लोकांना ते पटेना, कारण त्या विमानात तिथून जर्मनीला परत जाण्याएवढं इंधन मावतच नव्हतं. निरीक्षकांची नजर बरोबर होती. विमानात हिटलरचा उपप्रमुख रुडॉल्फ हेस होता आणि त्याला परत जायचंच नव्हतं. चौकीवरच्या माणसांनी इंधनाचा हिशोब करून स्वतःचा निरोप बदलला असता तर ती खरी चूक ठरली असती.

उलट बाजूही लक्षात ठेवा. 24-25 फेब्रुवारी 1942 च्या रात्री लॉस एंजेलिसवर विमानविरोधी तोफांनी 1,400 हून जास्त गोळे सोडले. शत्रूचं एकही विमान तिथे नव्हतं. शोधदिव्यांच्या झोतात फुटणारे गोळेच लोकांना विमानं वाटले. "दिवा दिसला" आणि "विमान दिसलं" या दोन वेगळ्या नोंदी आहेत. दिवा दिसला असेल तर दिवाच सांगा.

सांकेतिक शब्द दिले असतील तर ते तोंडपाठ हवेत. 13 जून 1944 च्या पहाटे केंट किनाऱ्यावर डिमचर्चच्या निरीक्षकांनी जर्मनीचा पहिला उडता बॉम्ब (वैमानिक नसलेलं व्ही-1) बघितला. तसं शस्त्र त्यांनी आधी पाहिलेलं नव्हतं. पण शब्द ठरलेला होता, "डायव्हर", आणि तो लगेच निघाला.

हे करू नका

निरोप यंत्रणेला द्यायचा, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. विमानाचा किंवा आपल्या तोफा-रडारचा व्हिडिओ काढून टाकला तर तो शत्रूलाही दिसतो, आणि पाठीमागच्या इमारतींवरून जागा सहज ओळखू येते. पडलेल्या अवशेषांजवळ जाऊ नका, मुलांना जाऊ देऊ नका. जागा कळवा आणि लांब उभे राहा. चौकीच्या वेळा आणि सांकेतिक नावं घरच्या गप्पांतही काढू नका.

पाळी सोपवताना

वहीत रिकामी पाळीही लिहायची: "22:00 ते 24:00, आकाश मोकळं, ढग नैर्ऋत्येला, वारा मंद." तुमच्या बहुतेक पाळ्या अशाच जातील. नोंद नसेल तर कुणी बघितलंच नाही की बघूनही काही नव्हतं, हे नंतर कळत नाही.

पुढचा माणूस उजेडातून आलेला असतो. वही त्याच्या हातात दिली म्हणून लगेच निघू नका. तो खांबाशी उभा राहील, वर्तुळावरून हात फिरवून टॉवर कुठे ते बघेल, आणि त्याला त्या दिशेचे मंद तारे दिसू लागायला वीस मिनिटं तरी लागतील. तोवर आकाश तुमच्याच डोळ्यांवर आहे.